फितूर पाचांतलाच

२ फेब्रुवारी, रविवार

आमचे खेळाडू अकरा रनांनी हरले, आणि हरून वर मैदानाच्या कडेला उसाचा रस पीत हसत बसले. हरल्याचा मला राग नाही, दोन वर्षांत त्याची सवय झाली. पण हरलेल्या माणसाने निदान घर येईपर्यंत तोंड पाडून चालावं, एवढी तरी रीत हवी की नको?

श्री भवानी प्रसन्न. हे आधी लिहायचं असतं. राहिलं.

ही डायरी रम्याच्या ऑफिसातून आली. रम्या माझी नात. म्हणाली, "अज्जी, मैदानावर जे ओरडतेस ते ह्यात लिहीत जा, लोकांचे कान वाचतील." माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मास्तरांनी ढकललं म्हणून. तरी लिहिते. कोरी वही घरात पडून राहिलेली मला बघवत नाही.

आमचे हे, कृष्णाजी मास्तर, शाळेत ड्रिल शिकवायचे. क्रिकेट काय, सगळं गाव खेळतं, म्हणाले, आणि इथल्या पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, नऊ पोरांना बेसबॉल शिकवला. बॅटी गल्लीतल्या सुताराकडून करून घेतल्या. टीमचं नाव भवानी नाइन. देवळाच्या ट्रस्टच्या मैदानावर रविवारची सकाळ आमची, ती तेव्हापासून. हे जाऊन अकरा वर्षं झाली, पण सकाळ आमचीच राहिली.

आता ट्रस्टवाले म्हणतात, एचएसआर लेआउटची एक टीम जागा मागते आहे, आणि तुम्ही तर नुसते हरता. म्हणून त्यांच्याशी तीन सामने ठरवले. तिन्हींतला एक जरी जिंकला तरी सकाळ तुमची. तिन्ही हरलात तर त्यांची, तुम्ही दुपारी बाराला या. फेब्रुवारीत बाराला खेळून दाखवा म्हणावं त्या ट्रस्टवाल्यांना.

आज त्यातला पहिला गेला.

आणि एक गोष्ट मी बघितली ती लिहून ठेवते. चेंडू टाकतो तो पिचर. त्याच्यासमोर, बॅटवाल्याच्या मागे, उकिडवा बसतो तो कॅचर. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचरने सांगायचं. दुसऱ्या टीमा बोटांनी खुणा करतात. आमचा कॅचर तोंडाने ओरडतो. आमच्या पहिल्या पिचरला लांबचं दिसत नव्हतं आणि त्याचा बाप चष्मा घेऊन देत नव्हता, म्हणून ह्यांनी शब्द काढले. फोडणी म्हणजे सरळ, जोरात. ताक म्हणजे हळू. शेवया म्हणजे वळून जाणारा. इथे मराठी कळतं कुणाला? चाळीस वर्षं उघड्यावर ओरडलो, कुणाच्या बापाला कळलं नाही.

आज आमच्या संतोषकुमारने "ताक!" म्हटलं की हिरव्या शर्टातला तो बॅटवाला एक पाऊल मागे. "फोडणी!" म्हटलं की पुढे. एकदा नाही, नऊदा. मी मोजलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वरच्या खोलीतली सुचेता चहाला आली. पुण्याची पोरगी. कोरमंगलाला नोकरी, तीन महिने झाले भाड्याने राहते. ह्या गल्लीतली पोरं माझ्याशी कन्नडात बोलतात, रम्यासुद्धा. मी मराठीत विचारते, ती कन्नडात उत्तर देते. ही पोरगी मात्र घडघडा मराठी बोलते. बोलायला बरी आहे, एवढंच.

माझ्या बोलण्याला हसते. परवा मी म्हटलं, स्वल्प थांब, साखर घालते. तर म्हणे, "आजी, तुम्ही स्वल्प म्हणता ना, ते इतकं गोड वाटतं!" वाटू दे. चारशे वर्षं आम्ही इथे आहोत, गोड व्हायला तेवढा वेळ पुरतो.

तिला हरल्याचं सांगितलं. फार वाईट वाटलं तिला. डिसेंबरात मी तिला आपला सगळा खेळ समजावला होता, बेस कुठला, रन कशी, फोडणी काय, ताक काय. पोरगी हुशार. एकदा सांगितलं की पाठ. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं म्हणाली, सगळ्यांना फार आवडलं. म्हणाली, "आजी, आमच्या ऑफिसातले पण खेळतात हो हे, वीकेंडला."

मी म्हटलं खेळत असतील. ऑफिसातल्या माणसांचं खेळणं म्हणजे रबरी चेंडू आणि दहा मिनिटांनी पाणी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जयसिंगरावांना गाठलं. हे गेल्यापासून टीम तेच बघतात. शिंप्याचं दुकान आहे, गळ्यात टेप तसाच ठेवून मैदानावर येतात. पावलांची गोष्ट सांगितली.

"मालनक्का, वारा असेल, पाऊल सरकलं असेल."

"नऊदा वारा?"

टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "म्हणजे शब्द फुटले म्हणता?"

फुटले नाहीत, कुणी तरी फोडले. आपोआप काही फुटत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्याच घरात बैठक घेतली. नवे शब्द ठरवले. बाहेर कुणाला पत्ता नाही. जयसिंगराव, पिचर गिरीधर, कॅचर संतोषकुमार, धावा लिहिते म्हणून रम्या, आणि मी. पाच जण. दार लावून घेतलं.

शब्द मीच काढले. जोरात येतो तो चेंडू सासू. वळतो तो नणंद, कारण जाता जाता वळून बोलल्याशिवाय ती जायची नाही. आणि हळू येते ती थोरली जाऊ, तिला काम सांगून बघा. गिरीधर हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. संतोषकुमार म्हणाला, "अज्जी, मास्तर असते तर तुलाच कॅप्टन केलं असतं." ह्या पोराला लहानपणापासून मीच भरवलं. त्याची आई सुनंदाबाई माझ्या शेजारची, ती मिलमध्ये जायची तेव्हा हा दिवसभर माझ्याच ओट्यावर असायचा.

अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, मोसम संपत आला, शेवटच्या दोन किलो शेंगा आणल्या होत्या. सुचेता सोलायला बसली होती. सोलता सोलता तीही हसली. "सासू! आजी, हे भारी आहे, हे मी सांगितलंच पाहिजे," म्हणून फोनवर काही तरी लिहिलं. आईला कळवलं असेल. पुण्यातल्या आईलाही कळू दे, इथल्या म्हाताऱ्यांचं डोकं अजून चालतं.

आता बघू हिरवे शर्ट काय करतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

सासू म्हटलं, पुढे आले. जाऊ म्हटलं, मागे सरले. नणंदेला तर असे वाट बघत उभे, जणू पत्र आलं होतं तिचं. नऊ रनांनी हरलो.

माझ्या शेजारी बसणारी चार माणसं पाचव्या इनिंगलाच उठून गेली. त्यांत सुताराचा मुलगा होता. त्याच्या बापाने केलेली बॅट अजून आमच्या किटमध्ये आहे. "अक्का, घरी पाहुणे आहेत" म्हणाला. त्याच्याकडे पाहुणे कधी येत नाहीत. मी एकटी बाकावर राहिले आणि जे सुचलं ते सगळं ओरडले.

आता हिशोब सोपा आहे. शब्द पाच जणांना ठाऊक. मी नाही. रम्या नाही, तिला तेवढा उत्साहच नाही. जयसिंगरावांना शब्द स्वतःलाच आठवत नव्हते, हातावर लिहून आणले होते. गिरीधर फोडेल तर मार त्याच्याच चेंडूंना पडेल. राहिला कोण?

आणि जयसिंगरावांचा पुतण्या कृष्णात आहे, बदली खेळाडू. तो म्हणाला, संतोषला बुधवारी एचएसआरमध्ये बघितलं. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, तिथल्या कुणाबरोबर डोसा खात होता.

मी मैदानावरच विचारलं, सगळ्यांसमोर. मी आडून बोलत नाही.

"बुधवारी कुठे होतास रे?"

"कामाला."

"काम इलेक्ट्रॉनिक सिटीला, डोसा एचएसआरला?"

त्याचं तोंड उतरलं. "इंटरव्ह्यू होता अज्जी. ठरलं की सांगणार होतो."

"काय ठरलं की? आमचं ठरलं की तुझं?"

"अज्जी, काय बोलतेस तू?"

"शब्द कितीला दिलेस?"

जयसिंगराव टेपशी चाळा करत उभे राहिले. रम्या म्हणाली, "अज्जी, चल घरी." नाही गेले. त्याने हो किंवा नाही म्हणावं म्हणून उभी राहिले. त्याने दोन्ही म्हटलं नाही. बॅग उचलली आणि गेला. निर्दोष माणूस असा जातो का?

१७ फेब्रुवारी, सोमवार

देवळात बोलावलं त्याला. आमच्यात खरंखोटं करायचं तर देवीसमोर बेलभंडारा उचलायचा. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातात घेऊन जे बोललं ते खरं. खोटं बोलणारा हात पुढेच करत नाही. पोलीस लागत नाही, वकील लागत नाही.

आला. सुनंदाबाईही आली. चेहरा दगडासारखा.

मी ताट पुढे केलं. "उचल. म्हण, मी शब्द कुणाला सांगितले नाहीत."

संतोषकुमार म्हणाला, "उचलतो. पाचही जण उचलू. पहिली तू उचल."

सत्तरी उलटली माझी. ती टीम माझ्या नवऱ्याने केली, ते शब्द माझ्या स्वयंपाकघरातले, आणि हा काल नाक पुसायला शिकलेला मला शपथ घालतो!

"मी कशाला उचलू? चोर मी आहे का?"

"मग मीही नाही," म्हणाला. कॅचरचा मास्क बरोबर आणला होता, तो पायरीवर ठेवला. "हा घे. मास्तरांनी दिला होता, परत केला."

सुनंदाबाई एवढंच बोलली, "अक्का, माझ्या पोराला चारचौघांत चोर म्हणालीस. हे कशावरून म्हणालीस ते मला कधी तरी सांगावं लागेल." आणि गेली. चाळीस वर्षांत माझ्याशी ती असं तोडून कधी बोलली नव्हती.

बघा, लेकाचं खोटं उघडं पडलं की आया अशाच उलटतात.

संध्याकाळी रम्या म्हणाली, "अज्जी, एक विचारू?" मी म्हटलं आज काही विचारू नकोस. तर नाही विचारलं. शहाणी आहे.

सुचेताने चहा करून दिला. तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चहा गार झाला. "आजी, पण एवढं सीरियस आहे हे? म्हणजे, गेमच आहे ना?" म्हणाली. पुण्याची ती, तिला काय ठाऊक. आमच्याकडे एवढंच उरलं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सामना नाही. सराव बघायला गेले. कृष्णात आता कॅचर. दहा चेंडूंतले चार मागे सोडतो आणि मग "सॉरी अण्णा, सॉरी अण्णा" करत त्यांच्यामागे पळतो. पाय छान आहेत, पळण्यासाठी वापर होतो आहे.

शब्द बंद केले. आता बोटं. मुकी टीम. बघायला गेलं की मयताला बसल्यासारखं वाटतं.

सुनंदाबाईच्या दारात रांगोळी होती. मी गेले तर दार लोटून घेतलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवरात्रीचा उपास होता, आज अंगात दम नाही, थोडंच लिहिते.

सुचेता हल्ली कमी येते. काम वाढलं म्हणे. आज जिन्यात भेटली, मी म्हटलं ह्या रविवारी शेवटचा सामना, एक तरी जिंकायला हवा, ये बघायला. थांबली, मग म्हणाली, "येणारच आहे आजी. मला यावंच लागेल."

बरं वाटलं. माझ्या बाकावर आता जागाच जागा आहे. तिच्यासाठी छत्री काढून ठेवली, कोवळी कातडी आहे, ऊन बाधेल.

२ मार्च, रविवार

नीट क्रमाने लिहिते, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आठ वाजता बाकावर बसले. शेजारी छत्री. समोरच्या बाजूला हिरवे शर्ट, तीस-चाळीस जण, ढोलकी घेऊन. आमच्या बाजूला मी, रम्या तिची वही घेऊन, आणि दोन म्हातारे.

खेळ आमचा चांगला होता. हे लिहायलाच हवं. गिरीधर असा टाकत होता की मास्तरांनी पाठ थोपटली असती. बोटांच्या खुणा त्यांना कळल्या नाहीत. सातव्या, शेवटच्या इनिंगला आम्ही सहा, ते पाच. त्यांचा शेवटचा डाव, दोन गडी बाद, एक राहिला. त्यांची माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर.

तेव्हा पलीकडून आवाज आला. ढोलकीवर. "सासू आली, सासू आली!" मग "ताक दे, ताक दे!" चाळीस माणसं. कन्नड, हिंदी, इंग्रजी, सगळ्या तोंडांत तेच. ताक म्हणता येत नाही त्यांना, टाक टाक करत होते, आणि हसत होते.

माझ्या नवऱ्याचा शब्द तो. आमच्या चुलीपुढे बसून काढलेला.

मी उभी राहिले, कोण शिकवतो आहे ते बघायला. पुढे उभी राहून हात हलवत गाऊन घेत होती ती. हिरवा शर्ट. सुचेता. मला बघितलं आणि आनंदाने हात केला. "आजी!" अशी ओरडली, जत्रेत भेटल्यासारखी.

मैदानात गिरीधरने चेंडू टाकला. खाली आला, पण फार खाली नाही. संतोषकुमारने तो झोपेत धरला असता. असे हजार मी त्याला धरताना बघितले आहेत. कृष्णातच्या हातमोज्याखालून गेला, भिंतीपर्यंत गेला. हा पळाला, उचलला, फेकला तो गिरीधरच्या डोक्यावरून. एक आला. दुसराही आला. सात-सहा.

संपलं. रविवारची सकाळ गेली.

मी मैदान ओलांडून गेले. चप्पल बाकाखालीच राहिली. सुचेता धावत पुढे आली.

"आजी, किती क्लोज मॅच! तुम्ही लोक काय खेळलात!"

"ही तुझी टीम?"

"ऑफिसची हो, खेळणारे एचएसआरला राहतात. मी सांगितलं होतं ना तुम्हाला? तुमचे शब्द सगळ्यांना इतके आवडले, आम्ही चिअर केला त्याचा. बघा ना, व्हिडिओ..."

"पहिल्या सामन्याच्या आधीपासून ठाऊक होते त्यांना?"

तिचं हसू हळूहळू मावळलं. "मी ग्रुपवर मजेत टाकलं होतं. यशोवर्धन बॅटिंग करतो आमच्यात, तो सांगलीचा, त्याला मराठी कळतं. त्याने कधी वापरलं, मला खरंच... मागे तुम्ही संतोषचं सांगितलंत तेव्हा मला लक्षात आलं. मग सांगायचा धीर झाला नाही."

"तेव्हा लक्षात आलं."

"आजी, सॉरी."

"आणि आज गायलीस."

रडायला लागली. मी तशीच परत फिरले. रडणाऱ्या माणसाजवळ मला उभं राहता येत नाही.

परतताना रम्या माझी चप्पल घेऊन आली. म्हणाली, "अज्जी, त्या दिवशी घरात सहा जण होते."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू विचारू नकोस म्हणालीस."

३ मार्च, सोमवार

सकाळपासून गल्ली माझ्या ओट्यावर. एरवी सामन्याला दोन म्हातारे, आज वीस जण. सगळ्यांना एकदम टीमची आठवण आली. त्या पोरीला गल्लीच्या मंडळात बोलवा, जाब विचारा, तिच्या ऑफिसला पत्र लिहा, ट्रस्टकडे तक्रार करा, सामना रद्द करून घ्या. जयसिंगरावांनी टेप काढून टाकला होता, म्हणजे खरंच चिडले होते. कृष्णात तर म्हणाला, "सामान रस्त्यावर टाकू तिचं." चेंडू धरता येत नाही, सामान टाकतो.

मला राग नाही असं नाही. आहे. चार महिने माझ्या घरात बसून चहा प्यायली, माझं बोलणं गोड म्हणाली, आणि तेच उचलून नेऊन ढोलकीवर वाजवलं. महिना संपला की खोली रिकामी कर, असं तिला सकाळीच सांगितलं. मान हलवली तिने. पुढच्या वेळी कन्नड माणूस ठेवीन. बोलणं नको, चहा नको.

पण शेंगा सोलताना तिने कान लावला नव्हता. दार मी लावलं होतं, तिला आत ठेवून. पाच जण मोजले तेव्हा ती मोजण्यात आली नाही. का आली नाही, ते मला काही सांगता येत नाही. ती काही घरची नव्हती.

आणि जो घरचा होता त्याला मी चोर म्हटलं. त्याला ती एचएसआरची नोकरी लागली, रम्याने सांगितलं. परवापासून जातो. आईला घेऊन तिकडेच घर बघणार आहे म्हणे. सुनंदाबाईच्या ओट्यावर आज खोकी बांधलेली दिसली.

ती येईल. जायच्या आधी येईल, मी ओळखते तिला. कशावरून चोर म्हणालीस, हे विचारल्याशिवाय ती गल्ली सोडायची नाही.

म्हणून इथे लिहून ठेवते आणि रम्याला वाचून दाखवणार आहे, म्हणजे मागाहून कुणी ऐकलं नाही म्हणायला नको. त्या पोरीला मंडळात कुणी बोलवायचं नाही. तिने चोरलं नाही, मी तिच्या ताटात वाढलं. ट्रस्टला पत्र लिहायचं नाही. हरलो ते कॅचर नव्हता म्हणून हरलो. आणि सुनंदाबाई दारात आली की जयसिंगरावांनी मध्ये पडायचं नाही, म्हातारी आहे, जाऊ दे, असं काही बोलायचं नाही. रम्याने आतून पाणी आणायचं नाही. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. तिला उत्तर मी द्यायचं.